एकतिसावी फ्रेम

दापोड्याच्या ज्या गोदामात मी नोकरी करत होतो, तिथे वरच्या माळ्यावर प्लायवूडचं पार्टिशन घालून एक खोली केली होती. बारा बाय दहा. तिला सगळे स्टुडिओ म्हणत. पांढरा कागद लावलेलं टेबल, दोन दिवे, ट्रायपॉड, कॉम्प्युटर आणि पत्र्याच्या छपराखाली दिवसभर गरम हवा ढवळणारा पंखा. फोटोग्राफर म्हटलं की लोकांना लग्नं आठवतात. मी सहा वर्षं कुलपांचे, नळाच्या तोट्यांचे आणि मिक्सरच्या भांड्यांचे फोटो काढले. ऑनलाइन विकणाऱ्यांना ते लागतात.

माझं नाव मितेश. घर शेजारच्याच वळ गावात. नोकरी लावून दिली ती माझ्या सख्ख्या मामाने. हिरामणमामा तिथे सुपरवायझर होता. हे आधीच सांगतो, कारण पुढे मी जे केलं त्याचं खापर बरेच दिवस त्याच्यावर फोडत होतो.

गेल्या ऑक्टोबरमध्ये गोदामात इमिटेशन दागिन्यांचा माल यायला लागला आणि माझे फोटो परत येऊ लागले. अंगठीचा खडा स्पष्ट, मागची कडी धूसर. लहान वस्तूच्या फार जवळ गेलं की लेन्सला पुढून मागे एखाददुसरा मिलिमीटरच नीट दिसतो. लेन्सचं छिद्र अगदी बारीक केलं तर थोडं जास्त दिसतं, पण मग सगळाच फोटो मऊ पडतो. ऑफिसातून मेल आला, यावर फोकस स्टॅकिंग हा उपाय आहे, आठवड्याभरात शिकून घ्या.

मी व्हिडिओ बघून शिकलो. गोष्ट अवघड नाही, चिकाटीची आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा. वस्तू हलू द्यायची नाही, पंखा बंद करायचा. पहिला फोटो वस्तूच्या सगळ्यात पुढच्या टोकावर फोकस करून घ्यायचा, दुसरा त्याच्या किंचित मागे, तिसरा आणखी किंचित मागे. असं करत शेवटच्या टोकापर्यंत जायचं. माझ्या कॅमेऱ्यात किती फ्रेम्स हव्यात ते भरून ठेवलं की तो आपोआप एकेक पायरी मागे सरकत फोटो घेतो. मग कॉम्प्युटर त्या सगळ्या फ्रेम्स एकमेकींवर ठेवतो, प्रत्येकीतला फक्त स्पष्ट भाग उचलतो आणि एक फोटो बनवतो. पुढपासून मागपर्यंत सगळं लख्ख.

सुरुवात मोत्याच्या नथीपासून केली. तीस फ्रेम्स. घाम पुसत बसलो आणि पडद्यावर नथ उमटली तेव्हा खरंच आनंद झाला. मोत्याला पाडलेलं भोक, तारेचा पीळ, फाशावरचा बारीक ओरखडा, सगळं दिसत होतं. फक्त कोपऱ्यात एक करडा डाग होता. फ्रेम्स तपासल्या तर त्या एकतीस निघाल्या.

एकतिसाव्या फ्रेममध्ये नथ नव्हती. पांढरा कागदही नव्हता. सगळी फ्रेम करडी, धूसर, आणि एका बाजूला बोटभर रुंदीचा उभा पट्टा तेवढा स्पष्ट. त्यात सिमेंटची खरखर दिसत होती.

कार्डावर जुनं काहीतरी राहिलं असेल म्हणून मी ते पुसलं आणि पुन्हा तीस फ्रेम्स लावल्या. पुन्हा एकतीस आल्या. शेवटच्या फ्रेमवर त्याच दिवसाची तारीख होती, तिसावीनंतरचाच सेकंद होता. पट्टा मात्र किंचित सरकलेला, जणू लेन्स आणखी एक पायरी मागे गेली होती.

पुढचे तीन दिवस मी एखाद्या मेकॅनिकसारखा वागलो. कार्ड बदललं. बॅटरी बदलली. कॅमेऱ्याच्या सगळ्या सेटिंग्ज कंपनीतून आल्या तशा करून घेतल्या. शेवटी लेन्सवर झाकण लावून तीस फ्रेम्स घेतल्या. तीस काळ्या आल्या. एकतिसावीत भिंत होती.

मी तिला भिंतच समजत होतो. उभी, सिमेंटची, तिच्यावर वरपासून खालपर्यंत गेलेला पिवळा पट्टा. आमच्या गोदामात पिवळा पट्टा भिंतींना कुठेच नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

काम थांबवणं शक्य नव्हतं. कानातली, पैंजण, बांगड्या. दिवसाला बारा-चौदा वस्तू, आणि दर वस्तूमागे एक जादा फ्रेम. ती पुसून टाकता आली असती. मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवत गेलो. त्या फोल्डरला नाव दिलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी त्यात त्रेचाळीस फ्रेम्स झाल्या होत्या. मी त्या क्रमाने पाहिल्या आणि मला कळलं की या सुट्या फ्रेम्स नाहीत. तो बोटभर स्पष्ट पट्टा प्रत्येकीत एकेक पायरी मागे जात होता. नुकतंच शिकलो होतो, तेच हे होतं. कोणीतरी स्टॅक घेत होतं.

मी त्रेचाळीस फ्रेम्स एकमेकींवर ठेवल्या आणि बटण दाबलं.

फोटो तयार व्हायला चार मिनिटं लागली. आडवा वाटला म्हणून फिरवून सरळ केला. मग भिंतीची जमीन झाली. पिवळा पट्टा म्हणजे माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टची वाट आखणारी गोदामाच्या फरशीवरची रेघ. रेघेपलीकडे निळ्या लोखंडी रॅकचा पाय होता, त्याची प्लेट होती, आणि प्लेट व पाय जोडणाऱ्या वेल्डिंगमध्ये काळी फट. फटीच्या कडेचा गंज मला मोजता आला असता. पायावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: सी-१४.

मी कॉम्प्युटर बंद केला. खाली जाऊन चहा घेतला. माळ्यावर परत जायला त्या दिवशी अर्धा तास लागला.

आता बुधाबद्दल सांगायला हवं.

बुधा वज्रेश्वरीच्या बाजूला डोंगरापायथ्याशी असलेल्या वारली पाड्यावरून कामाला यायचा. झाडलोट, खोकी उचलणं, पडेल ते. कमी बोलायचा. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तो जिना चढून स्टुडिओच्या दाराशी आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

“दादा, चौदा नंबरचा पाय फाटलाय. फोर्कलिफ्ट लागलेली. तू एक फोटू काढून वर पाठव.”

“मामाला सांग ना.”

“सांगला. माझं कोन ऐकतंय? तुझा फोटू बघतील.”

मी म्हटलं, “उद्या काढतो.”

मला कंटाळा आला होता, बस. खाली उतरून एक फोटो काढायचा, दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी तो झाडताना वर बघून हसला, मी मान हलवली. तिसऱ्या दिवशी त्याने पाहिलं नाही. चौथ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास रॅक कोसळला. बुधा खाली झाडत होता.

मला मामाने खाली बोलावलं. रॅकजवळ एक शिडी टेकवलेली होती. ती तिथे कोणी आणली ते मी पाहिलं नाही. पाहिलं नाही, कारण विचारलं नाही.

“शिडी नीट दिसली पायजे,” मामा म्हणाला. “न विचारता वर चढला व्हता तो. मागचं लफडं फोटूत कशाला पायजे?”

लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं की पुढची वस्तू लख्ख येते आणि मागचं सगळं विरघळतं. लग्नाचे फोटोग्राफर नवरीसाठी तेच करतात. मी शिडीसाठी केलं. अकरा फोटो काढले. अकराही फोटोंत शिडीच्या पायऱ्या कोरल्यासारख्या आणि मागे सी-चौदाचा पाय म्हणजे एक निळा ढग. अहवालात आलं की कामगार विनापरवानगी रॅकवर चढला, त्यामुळे अपघात. सोबत फोटो जोडले होते.

बुधाची बायको सरू नंतर तीनदा गेटवर आली. तिसऱ्यांदा मला बोलावलं. तिने फक्त एकच विचारलं, “दादा, तो चढनारा मानूस न्हाय. तू फोटू काढले व्हते ना? त्यात काय दिसतं का?”

“न्हाय गो. त्यात काही दिसत नाही,” मी म्हणालो.

ते खरं होतं. म्हणून ते मला कधीच खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. अंगावर पाल पडल्यासारखं मात्र दोन वर्षं वाटत राहिलं.

आणि आता माझ्यासमोर तो फोटो होता, जो मी काढायला हवा होता. फट स्पष्ट. शिडी कुठेच नाही.

मी तो मोठ्या कागदावर छापून घेतला आणि सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलवर पाड्याला गेलो. दुपारचा एक वाजला असेल. सरू अंगणात भात पाखडत होती. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. पाणी दिलं, आत बसवलं, सूपही आत आणून ठेवलं. मुलगी पूर्वा आजोळी गेली होती. जमीन ताजी सारवलेली होती, तिच्यावर माझ्या पायांचे ठसे उठले.

मी फोटो तिच्यापुढे ठेवला. फट दाखवली. अपघाताच्या तीन दिवस आधी बुधा माझ्याकडे आला होता, हेही सांगितलं. बोलताना मी तिच्याकडे नाही, सुपाकडे बघत होतो. ती चिडेल, रडेल, चालता हो म्हणेल, या सगळ्याची मी तयारी केली होती.

ती म्हणाली, “ह्यो असा न्हाय.”

तिने कागद उचलला आणि चौथाई फिरवून पुन्हा ठेवला. सुपाला टेकवून उभा. आता जमीन पुन्हा भिंतीसारखी झाली, पहिल्यांदा मला दिसली होती तशी.

“असा हाय.”

मग ती खाली बसली, तिथून कुशीवर झाली, आणि एक कान सारवलेल्या जमिनीला टेकवून त्या फोटोकडे बघत पडून राहिली. डोळे उघडे. हात अंगाखाली दुमडलेला.

कॅमेऱ्याची उंची मी कधी मोजलीच नव्हती. फोटोतली रेघ, पायाची प्लेट, सगळं जमिनीपासून चार बोटांवरून पाहिलेलं होतं. तेही मान आडवी करून.

ती पडल्यापडल्याच बोलली. “इथून त्याला ती फट दिसत व्हती.”

तिने फोटोवरून नजर हलवली नाही.

“लई वेळ पडून नव्हता ना, दादा?”

“नाही. लगेच गेला.”

“तू बघितलास?”

“हो,” मी म्हणालो.

मी बघितलं नव्हतं.

दोन दिवसांनी मी अपघातांची चौकशी करणाऱ्या सरकारी ऑफिसात गेलो. अधिकारी बाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा कपाळावर. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. कधी काढला विचारलं. मी खरं ते सांगितलं, की मी काढलेला नाही आणि त्याच्यावर मागच्या आठवड्याची तारीख आहे. त्रेचाळीस तुकडे जोडून बनला आहे.

“मग हा पुरावा नाही,” त्यांनी तो माझ्याकडे सरकवला. “तुम्ही स्वतः काय पाहिलंत, काय ऐकलंत, ते सांगणार असाल तर मी लिहून घेते.”

फोटो पुढे करून मी मागे उभा राहीन, असा माझा बेत होता. तो तिथेच संपला. मी बोलायला लागलो. बुधा दाराशी आला ते, उद्या काढतो म्हणालो ते, शिडी, मामाचे शब्द, उघडं छिद्र, निळा ढग. बाई लिहीत होत्या.

“तुम्ही खाली आलात तेव्हा बुधा कुठे होता?”

“रॅकखालून काढून बाजूला, पिवळ्या रेघेच्या अलीकडे ठेवला होता. गोणपाट टाकलं होतं. अँब्युलन्स यायची होती.”

“म्हणजे तो गेलेला होता?”

“हो. मामा म्हणाला, गेला तो, तू तुझं काम कर.”

“तुम्ही जवळ जाऊन पाहिलंत?”

“नाही.”

“फोटो काढायला किती वेळ लागला?”

“दहा मिनिटं.”

“दहा मिनिटांत एकदाही तिकडे पाहिलं नाहीत?”

मी मान खाली घातली. बाईंनी तेही लिहिलं असावं. सही करताना शेवटची ओळ वाचली: मी पोहोचलो तेव्हा बुधा मृत झालेला होता, असे मला सांगण्यात आले.

चौकशी पुन्हा सुरू झाली. मामाला नोटीस गेली. माझी आई त्याच्याशी बोलायची थांबली नाही, माझ्याशी थांबली. नोकरी त्याच आठवड्यात गेली. सरूपर्यंत एवढं पोहोचलं की बुधा चढला होता हे वाक्य आता वादात आहे. तिने निरोप पाठवला, बरं झालं. त्या दोन शब्दांनी मला जरा झोप लागू लागली होती.

कॅमेरा गोदामाचा होता. हिशेब मिटवायच्या दिवशी तो परत द्यायला मी स्टुडिओत गेलो. भर दुपार होती, खाली ट्रक मागे घेत होते, पत्र्यावर कावळे चालत होते. कॅमेरा आठ दिवस बॅगेत होता, त्याला कोणी हात लावलेला नव्हता. देण्याआधी कार्ड पुसावं म्हणून मी ते कॉम्प्युटरला लावलं.

कार्ड भरलेलं होतं.

सगळ्या फ्रेम्स त्याच जागेवरच्या. त्याच उंचीवरून, तशाच आडव्या. यावेळी रेघेपलीकडे शिडीचे दोन पाय होते.

शिडीच्या पायांशी बूट होते. आधी धूसर, मग फ्रेमगणिक स्पष्ट होत आलेले. राखाडी कॅनव्हासचे. डाव्या बुटाच्या टोकावर पांढऱ्या ऑइलपेंटचा थेंब.

ते बूट मी अपघातानंतरच्या पावसाळ्यात टाकून दिले होते.

तीस-पस्तीस फ्रेम्स बूट समोर होते. कधी एक पाय पुढे, कधी टाच उचललेली, जसा माणूस फोटोसाठी जागा बदलतो. मग ते वळले. पुढच्या फ्रेममध्ये फक्त टाचा होत्या, आणि त्यापुढच्या फ्रेममध्ये त्याही नव्हत्या.

त्यानंतर कोणीतरी अंगावरचं गोणपाट वर तोंडावर ओढलं असावं. कारण मग सगळ्या फ्रेम्स सारख्या होत्या. अगदी जवळून दिसणारे तागाचे उभे-आडवे धागे, आणि त्यांच्यामधून येणारा उजेड.

मी त्या एकेक करून पुढे नेल्या. फोकस कुठेच बदललेला नव्हता. लेन्स जागच्या जागी होती. तरी एका फ्रेममध्ये धागे स्पष्ट होते, तीन फ्रेम्सनंतर धूसर, पुन्हा तीननंतर स्पष्ट, पुन्हा धूसर.

कापड जवळ येत होतं आणि लांब जात होतं.

मी मोजायला लागलो. तीनशे फ्रेम्सच्या पुढे गेल्यावर श्वासांमधलं अंतर वाढलं. स्पष्ट व्हायला चार फ्रेम्स, मग सहा, मग नऊ. खालून मामाने हाक मारली. मी मोजत राहिलो.

फ्रेम्स संपल्या त्या कार्डात जागा उरली नाही म्हणून. शेवटचीत धागे अजून धूसर होते, लांब गेलेले. कापड वर उचललेलं होतं.